कार्ड दादा आणणार आहे

४ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, मी बरा आहे, स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही. रविवारी फोनवर जे बोलता येत नाही ते लिहायला बसलोय. आईला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ती फोन स्पीकरवर ठेवते, आणि आपलं बोलणं जिन्यातल्या शेजारणीपर्यंत पोचतं. गेल्या वेळी मी तुला प्रोसेसरचं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी तिने मला थांबवून विचारलं, "कुणाला बसवायचाय रे? हृदयाला का?"

मुद्दा असा आहे. तुझा करार मे महिन्यात संपतो आणि तू कायमचा घरी येतोस. त्याआधी मला आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून ठेवायचा आहे. कॅबिनेट, रॅम आणि पॉवर सप्लाय यांचं ठरलं. ग्राफिक्स कार्ड तू आणणार आहेस. अडलंय ते प्रोसेसर आणि मदरबोर्डवर.

एक जोडी जुन्या सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जुन्या खाचेची आहे. ती स्वस्त पडते, पण त्या सॉकेटमध्ये बसणारे नवे प्रोसेसर आता निघणार नाहीत, म्हणजे तिथेच गाडी थांबली. दुसरी नव्या सॉकेटची. ती माझ्या ऐपतीच्या जरा वर जाते, पण पुढे काही वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. नव्यातही पुन्हा दोन प्रकार. एकात पडद्यावर चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या आतच असते. दुसऱ्यात नसते. तो स्वस्त आहे, पण वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही.

सुताराकडून टेबल करून घेतलं. दोन खुर्च्यांच्या मापाचं. सायबर कॅफेत आपण गेम खेळायला एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो, मी कीबोर्डवर रणगाडा चालवायचो आणि तू माऊसने नेम धरायचास, तसं आता एका खुर्चीवर मावणार नाही. तू गेल्यावर मी तिथे एकट्याने खेळून बघितलं. रणगाडा चालवायला गेलो की गोळे आभाळात जातात, नेम धरायला गेलो की रणगाडा भिंतीला जाऊन ठोकतो. मला दोन्ही हातांनी दोन कामं जमत नाहीत.

तू सांगशील तेच घेईन. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझा,
धाकटा


२९ जानेवारी

अरे घोळ्या,

तुझं पत्र कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर मिळालं आणि मी ते जॅकेटच्या आत घालून कामाला गेलो. आत इतकी थंडी असते की इथे तुझ्या प्रोसेसरला पंखा लावायची गरज नाही. नुसता मासळीच्या खोक्यांवर ठेवून दे, वर्षभर गार राहील.

आता ऐक. नव्या सॉकेटचाच घे. तुला सारखं काहीतरी बदलायची सवय आहे, तेव्हा बदलता येईल असा बोर्ड बरा. प्रोसेसर सहा कोअरचा पुरे. दुकानदार आठचा गळ्यात मारायला बघेल, हसून नाही म्हण. मदरबोर्ड घेताना त्याच्यावरचे दिवे आणि वाघाचं चित्र बघू नकोस. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी जो वीज पुरवणारा भाग असतो, त्याच्यावर धातूचा जाड ठोकळा आहे का ते बघ. उघडा असेल तर तो बोर्ड उन्हाळ्यात रडवेल. रॅमच्या चार खाचा असतील तर उत्तम, दोन असल्या तरी जग बुडत नाही.

आणि चित्राची सोय आत असलेलाच प्रोसेसर घे. थोडे जास्त जातील, जाऊ देत.

टेबल दोन खुर्च्यांचं केलंस ते वाचलं. सुताराने कडा नीट घासल्यात ना? नाहीतर मनगटाला कुसळं लागतात.

इथे सगळं ठीक. मालक करार वाढवायचं बोलतोय, बघू. घरमालकिणीच्या मुलीला मी कागदाचा रणगाडा करून दिला. तिने त्याला चाकं म्हणून चार बटणं चिकटवली, माझ्याच सदऱ्याची.

आईला औषध वेळेवर दे.

दादा


२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. सहा कोअर, नवं सॉकेट, धातूचा ठोकळा. सगळं पाठ केलं आणि चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढून कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. आमचे चष्मेवाले काका म्हणाले, "जा बाबा, तुझं लग्न ठरल्यासारखं तोंड झालंय. काचा मी घासतो."

कॉम्प्युटरवाल्याने मला बघताच कपाळाला हात लावला. "आले परीक्षक! आज नुसतं बघायचंय की हातही लावायचाय?" मी त्याला खोकं उघडायला लावलं आणि ठोकळा बोटाने हलवून बघितला. घट्ट आहे. बोर्ड ठरला. पाठीमागच्या जोडण्याही मोजल्या, सगळ्या आहेत.

आता चित्राच्या सोयीचं. मी तिथे उभा राहून पुष्कळ विचार केला. तू कार्ड आणणारच आहेस. कार्ड लागलं की आतली सोय नुसती पडून राहणार. मग तिच्यासाठी जास्त का द्यायचे? कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कार्ड नक्की येणार असेल तर बिनसोयीचा घ्या. येणार की नाही अशी धाकधूक असेल तर सोयीचा." मी म्हटलं, धाकधूक कसली? भाऊ आणतोय. माझ्या मते तू माझी परीक्षा घेत होतास, की या घोळ्याच्या लक्षात येतंय का ते बघू. आलं लक्षात.

करार वाढवायचं म्हणतात म्हणजे तुझं काम त्यांना आवडलेलं दिसतं. पण त्यांना स्पष्ट नाही सांग. तुला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आईने तुझी गादी उसवून पुन्हा शिवली. खिडकीकडची बाजू तुझी, असं तिने मला बजावलंय. ती कॅलेंडरसमोर उभी राहते आणि मला विचारते, मेमध्ये म्हणजे सुरुवातीला की शेवटी? तारीख कळव. निदान आठवडा तरी.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

घोळ्या,

माझं एवढं एक ऐक. आत सोय असलेला प्रोसेसर घे. परीक्षा वगैरे काही नव्हती. समजा कार्डाला उशीर झाला, समजा कस्टममध्ये अडकलं, समजा वाटेत मोडलं. हजार भानगडी असतात. तुझा कॉम्प्युटर कुणाच्या येण्यावर अडून राहू नये असं मला वाटतं. स्वतःच्या जिवावर चालू होईल असा घे. पैसे कमी पडत असतील तर मी पाठवतो, पण हेच घे.

एकट्याने खेळायची सवय कर. सुरुवातीला सगळ्यांचाच रणगाडा भिंतीला लागतो. डावा हात न बघता चालायला लागला की मग उजव्याकडे लक्ष द्यायचं. महिनाभरात जमेल. घरमालकिणीची छोटी आठवड्यात शिकली, आता मलाच हरवते आणि वर म्हणते, "तुम्ही म्हातारे झालात."

तारखेचं अजून नक्की नाही. आईला गादीचं एवढं मनावर घेऊ नको म्हणावं.

रविवारी फोन नाही झाला तर काळजी करू नका. पाळ्या बदलल्यात.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा कॉम्प्युटर जोडून झाला होता. बिनसोयीचाच घेतला. रागावू नकोस. वाचलेल्या पैशातून ठरलेल्या बोर्डाचाच चार खाचांचा प्रकार घेतला, पुढे तुला रॅम वाढवावीशी वाटली तर अडचण नको.

मग जोडायला बसलो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला, पुन्हा उचलला, पुन्हा जुळवला. वरचा दांडा दाबताना करकर असा आवाज आला आणि मला वाटलं, संपलं, मोडलं. तू असतास तर म्हणाला असतास, दाब रे, तो तसाच ओरडतो. मग मीच तसं मोठ्याने म्हटलं आणि दाबला.

बटण दाबलं आणि पंखे फिरले. दादा, पहिल्याच झटक्यात! बोर्डावर लहान दिवा लागला. पडदा काळाच राहिला, तो राहणारच होता. मागे पडद्याची वायर लावायची जागा आहे, वायर तिच्यात घट्ट बसते, फक्त आतून काही येत नाही. आई शेजारी उभी होती. "चित्र कुठाय?" म्हणाली. मी म्हटलं, "चित्र दादाबरोबर येतंय." तिला ते फार आवडलं. शेजारणीलाही बोलावून काळा पडदा दाखवला. शेजारीण म्हणाली, "छान आहे. वीज कमी खात असेल."

कामावरून आलो की मी तो थोडा वेळ चालू करतो. पंख्याचा आवाज ऐकतो आणि बंद करतो. कॅबिनेटच्या मागे कार्डाच्या जागेवर असते ती पट्टी काढून ठेवलीय आणि धूळ जाऊ नये म्हणून तिथे पुठ्ठा लावलाय. स्क्रू लहान वाटीत आहेत.

तू छोटीचं लिहितोस ते वाचून मजा वाटते. घरमालकिणीकडे कॉम्प्युटर आहे म्हणजे चांगली माणसं दिसतात. तुला खेळायला मिळतं, हात बसलेला असेल. मग आल्याबरोबर सुरू करू.

फोन केलाच नाहीस गेले काही रविवार. आई तरी फोन समोर घेऊन बसते. तारीख कळव, दादा. पहिला आठवडा असेल तर नुसतं "पहिला" एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


६ मे

माझ्या धाकट्या,

हे पत्र मी पुष्कळदा लिहायला घेतलं आणि दरवेळी त्यात तुला मदरबोर्डच समजावत बसलो. आज त्याविषयी काही लिहिणार नाही.

मी येत नाही. मेमध्ये नाही, आणि पुढेही राहायला म्हणून नाही.

घरमालकीण म्हणून जिच्याबद्दल लिहीत होतो ती माझी बायको आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही लग्न केलं. ती आमच्याच कोल्ड स्टोरेजमध्ये वजनकाट्यावर असते. छोटी तिची आहे, पहिल्या नवऱ्यापासूनची, आणि आता माझीही. मला बाबा म्हणत नाही, नुसतं "अहो" म्हणते, आईचं ऐकून. त्या दोघींचं सगळं इथेच आहे, आणि छोटीला सोडून येणं मला जमणार नाही. तिला एकदा एकजण सोडून गेलेला आहे. करार मी मार्चमध्येच पुन्हा सही करून दिला.

तू म्हणशील, सांगितलं का नाही. दर रविवारी सांगायचं ठरवून फोन लावायचो. समोर स्पीकरवर आई, तू आणि निम्मा जिना. आई विचारायची, जेवलास का, आणि मी काय जेवलो तेवढंच सांगून फोन ठेवायचो. मग फोन करणंच सोडलं. पत्रात सांगेन म्हटलं, तर तुझी पत्रं अशी यायची की त्यात टेबल, गादी आणि वाटीतले स्क्रू. मी आपला लिहीत राहिलो, आत सोय असलेला घे, आत सोय असलेला घे. मला वाटलं तू ओळखशील. तू पट्टी काढून पुठ्ठा लावलास हे वाचलं आणि मी गोदामात खोक्यांमागे जाऊन बसलो.

आमच्याकडचा एक वेल्डर सुट्टीवर तुमच्या बाजूला येतोय. त्याच्याबरोबर कार्ड पाठवलंय. मी ठरवलं होतं त्यापेक्षा चांगलं आहे. तुझ्या पॉवर सप्लायवर चालेल, तपासून घेतलंय. ते लाव. निदान चित्र तरी बघ.

आईला तू सांग असं लिहिण्याचा मला हक्क नाही. तरी लिहितोय. मला ते तिला ओरडून सांगता येणार नाही.

शिव्या दिल्यास तरी चालतील. पण उत्तर दे.

दादा


११ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. तू तारीख कळवली नाहीस म्हणून मी समजलो की तुला अचानक येऊन आईला चकित करायचंय. म्हणून मे लागल्यापासून कामावरून सुटलो की स्टँडवर जात होतो. तिकडून विमानाने येणाऱ्या माणसांना घेऊन विमानतळावरची संध्याकाळची बस येते, ती रिकामी होईपर्यंत थांबायचो. कंडक्टर ओळखायला लागला होता. "आजही नाही का हो?" विचारायचा. पत्र आलं त्या दिवशीही मी तिथूनच परत आलो होतो. पत्र दाराच्या फटीत होतं. मी ते जिन्यातच उभं राहून वाचलं, आणि घरात जायला मला वेळ लागला.

वेल्डर येऊन गेला. भला माणूस आहे. तो सांगत होता की छोटी तुला कामावर सोडायला फाटकापर्यंत येते. मी त्याला म्हटलं, हे मला नका सांगू. बिचाऱ्याने पाणी मागितलं आणि पिऊन निघाला. कार्डाचं खोकं मी उघडलेलं नाही. तो परत जाताना त्याच्याजवळ देणार आहे. चांगलं कार्ड आहे हे वरच्या चित्रावरून कळतं. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरला लावा.

मी प्रोसेसर बदलून आणला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वापरलेला परत घेत नाही." मी म्हटलं, पंखा फिरवण्यापलीकडे तो काही वापरलेला नाही. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "भाऊ कार्ड आणणार होता ना?" मी जुना प्रोसेसर त्याच्यापुढे सरकवला. त्याने आतून सोयीचा प्रोसेसर आणून काउंटरवर ठेवला, आणि माझी नेहमीची थट्टा केली नाही. त्याने थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

बोर्ड तोच आहे. पंख्याखालची जुनी पेस्ट पुसली, नवा प्रोसेसर बसवला. या वेळी दांडा दाबताना मला भीती वाटली नाही. पडदा लागला. चित्र स्वच्छ आहे. नवे गेम रखडत चालतात, जुने नीट चालतात. रणगाड्याचा मी अजून लावलेला नाही.

आईला सांगितलं. तिला एकदा सांगून ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं तर "काय केलंय त्याने?" म्हणाली. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "लग्न केलंय! तो येणार नाही!" जिन्यातली सगळी दारं उघडल्याचा आवाज आला आणि मग एकेक करून हळूच लागल्याचा. आई माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी जवळ गेलो. ती कोरड्या डोळ्यांनी ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. मग तिने विचारलं, "मुलगी कितवीत आहे?" मला माहीत नव्हतं. "एवढी पत्रं लिहितोस आणि एवढंही विचारत नाहीस?" असं म्हणून ती माझ्यावरच चिडली, आणि मग रडली.

आज सकाळी तिने मला समोर बसवून लिहायला सांगितलं, ते तिच्या शब्दांत असं: "तिघं या. राहायला नाही तर भेटायला या. मी काही बोलणार नाही. सून कशी आहे ते बघू दे मला, डोळे धड आहेत तोवर."

हे आईचं झालं. माझं विचारशील तर मला अजून "या" म्हणता येत नाही. दोनदा लिहिलं आणि कागद बदलला. तू एखादं वाक्य जरी सरळ लिहिलं असतंस तर मी रागावलो असतो, भांडलो असतो, पण मे महिनाभर लोकांच्या सामानाकडे बघत उभा राहिलो नसतो. तुमच्या बसला मी येईन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

पण ती किती वाजता पोचते ते लिही.

धाकटा